कॅप्टन मॅकार्थरचं गणगोत

सिडनीत कुणी नातलग असतील तर हॅरिस पार्क हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. पॅरामाटाच्या अलीकडचं रेल्वे स्टेशन, डोसा-चाट-मिठाईच्या दुकानांनी भरलेले रस्ते आणि गर्दीत मधूनच ऐकू येणारं मराठी. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक बसकं, लांब उतरत्या छपराचं घर आहे. नाव एलिझाबेथ फार्म. १७९३ साली बांधायला घेतलेलं हे घर ऑस्ट्रेलियातल्या युरोपीय धाटणीच्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. आता ते संग्रहालय आहे, पण आत दोऱ्या बांधून कुणाला अडवलेलं नाही. खुर्चीत बसता येतं, कपाटाचे खण उघडून बघता येतात, टेबलावरचं पत्र हातात घेऊन वाचता येतं. घराला ऐसपैस व्हरांडा आहे. व्हरांडा हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला आणि जगभरच्या आपल्या वसाहतींत नेला.

हे घर बांधणारा जॉन मॅकार्थर लष्करी अधिकारी होता, जमीनदार होता आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकर-धंद्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १९६६ साली दोन डॉलरची नोट निघाली तेव्हा तिच्यावर त्याचं चित्र आणि शेजारी तलम लोकरीच्या मेरिनो जातीचा मेंढा होता. पण त्याची कहाणी एकट्या कर्तबगार माणसाची म्हणून वाचायला घेतली की ती जुळत नाही. कापड दुकानदाराचा मुलगा. दोनदा वसाहत सोडून इंग्लंडला जावं लागलं, पहिल्यांदा अटकेत, दुसऱ्यांदा बंडानंतर. एका गव्हर्नरला पदावरून खेचण्यात त्याचा पुढाकार. एवढं करून हा माणूस हजारो एकरांचा धनी कसा झाला?

उत्तर त्याच्या गोतावळ्यात आहे. जाधव, भोसले, निंबाळकर यांचा इतिहास सोयरिकी माहीत नसतील तर कळत नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. वसाहतीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे मात्र आपण सुटी सुटी माणसं म्हणून बघतो. मॅकार्थरकडे बायको, मुलं, पुतण्या, जावई आणि आश्रयदात्याच्या नात्यातली पोरं यांच्या बाजूने बघितलं, तर न्यू साउथ वेल्स नावाची वसाहत आतून कशी चालत होती ते स्पष्ट दिसतं.

अर्ध्या पगारावरचा एन्साइन

मॅकार्थरचा जन्म १७६७ सालचा, इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या प्लिमथजवळ. बाप अलेक्झांडर कापडाचा व्यापारी. दुकानात बायकांच्या चोळ्याही शिवून मिळत, म्हणून पुढे विरोधक मॅकार्थरला ‘जॅक बॉडिस’ असं हिणवत. हा टोमणा समजून घ्यायला हवा. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याचं पद बहुतेक वेळा विकत घ्यावं लागे, आणि अधिकारी म्हणजे घरंदाज माणूस, ज्याला पोटासाठी काही विकावं लागत नाही, अशी समजूत होती. दुकानदाराचा मुलगा त्या वर्तुळात शिरला तरी त्याला जागा करून दिली जात नसे. मॅकार्थर आयुष्यभर मानापमानासाठी भांडत राहिला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१७८२ साली तो एन्साइन झाला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या उतरंडीतली शेवटची पायरी. पण अमेरिकेतलं युद्ध संपत आलं होतं. पुढच्याच वर्षी त्याची तुकडी मोडली आणि तो अर्ध्या पगारावर घरी बसला. काही वर्षं डेव्हन परगण्यात शेतावर काढली. तिथेच त्याची एलिझाबेथ व्हीलशी गाठ पडली. ब्रिजरूल गावच्या शेतकऱ्याची ही मुलगी. बाप लहानपणीच गेला, आईने दुसरं लग्न केलं. ती आजोबांकडे आणि गावच्या पाद्र्याच्या, किंग्डन यांच्या घरात वाढली. पाद्र्याच्या मुलींबरोबर तिला चांगलं शिक्षण मिळालं आणि ब्रिजेट किंग्डन ही जन्माची मैत्रीण मिळाली. या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांमुळेच त्या काळातलं पुष्कळ काही आज आपल्याला कळतं.

ऑक्टोबर १७८८ मध्ये दोघांचं लग्न झालं. मार्च १७८९ मध्ये एडवर्ड जन्मला. हातात पैसा नाही, नवरा तापट, पदरात तान्हं मूल. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्ससाठी नवी पलटण उभी राहत होती आणि तिकडे जाणाऱ्याला लेफ्टनंटची बढती होती. मॅकार्थरने ती घेतली.

फळीपलीकडच्या बायका

ज्या देशात ते निघाले होते तो इंग्लंडच्या लेखी काळ्या पाण्याचा मुलूख होता. आपल्याकडच्या कैद्यांना पुढे अंदमानात धाडलं गेलं, तसे इंग्लंडातले कैदी १७८८ पासून सिडनीला धाडले जात होते. मॅकार्थर कुटुंब ‘नेपच्यून’ जहाजावर चढलं. कैद्यांना नेणाऱ्या या दुसऱ्या ताफ्याचं नाव आजही बदनाम आहे. सुमारे हजार कैद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाटेतच मेला. कंत्राटदाराला पैसे मिळत होते ते जहाजावर चढवलेल्या डोक्यांमागे, किती जण जिवंत उतरतात यावर नव्हे.

जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरच होतं तेव्हा मॅकार्थरने कप्तानाशी भांडण काढलं आणि द्वंद्वयुद्धापर्यंत मजल गेली. त्याचे परिणाम एलिझाबेथने भोगले. तिच्या खोलीला लागूनच कैदी बायकांची जागा होती, मध्ये फक्त पातळ फळी. पलीकडच्या शिव्या, रडणं, आजारपण, घाण वास सगळं अलीकडे येई. डेकवर मोकळ्या हवेत जायची वाटही तिला बंद करण्यात आली. त्या खोलीत वर्षाचंही न झालेलं आजारी मूल घेऊन ती बसून होती, आणि स्वतः गरोदर होती. भर समुद्रात कुटुंबाने ‘स्कारबरो’ या दुसऱ्या जहाजावर मुक्काम हलवला. पुढे तिला दिवस पुरे होण्याआधीच मुलगी झाली आणि ती जगली नाही. जून १७९० च्या अखेरीला ते सिडनीला उतरले.

ही फळी लक्षात ठेवा. तिच्या पलीकडे जे कैदी होते त्यांत कॅथरीन क्राउली नावाची एक तरुणी होती. त्याच जहाजावर डॉक्टरचा मदतनीस म्हणून डार्सी वेंटवर्थ होता. त्या दोघांच्या मुलाची गाठ पुढे मॅकार्थरांशी पडणार होती.

सिडनीत तेव्हा सुशिक्षित बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एलिझाबेथ लेफ्टनंट डॉज याच्याकडे खगोलशास्त्र शिकू लागली, ते जड गेलं म्हणून वनस्पतिशास्त्राकडे वळली. वर्गन नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने पहिल्या ताफ्यातून चक्क पियानो आणला होता. त्याने तिला शिकवलं आणि १७९१ साली परत जाताना तो पियानो तिच्याकडेच ठेवून गेला. कैद्यांच्या छावणीत, भाकरीची चणचण असताना, एक बाई पियानोवर बोटं बसवते आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

हुंडी आणि दारू

आता पैसा कुठून आला ते बघू. लोकर फार नंतरची.

वसाहतीत नाणं जवळपास नव्हतंच. पलटणीचा पगार लंडनमध्ये जमा होई. इथे त्या पगारावर कागद लिहून दिला जाई, आणि तो लंडनमध्ये वटे. आपल्या पेढ्यांवर चालणारी हुंडी, तसाच हा व्यवहार. माल घेऊन आलेल्या जहाजाच्या कप्तानाला अशी हुंडीच हवी असे, कारण वसाहतीतल्या इतर कुठल्याही कागदाला लंडनमध्ये कुणी विचारत नव्हतं. म्हणजे जहाजावरचा माल घाऊक घेण्याची ऐपत फक्त पलटणीच्या अधिकाऱ्यांकडे. ते एकत्र येऊन जहाजंच्या जहाजं उचलत आणि चहा, साखर, कापड आणि मुख्यतः दारू चढ्या भावाने विकत. कैदी मजूर दारूच्या बदल्यात काम करी, लहान शेतकरी धान्य देई, पुढे जमीनही गहाण पडे. पलटणीचा खजिनदार १७९२ पासून कोण होता? जॉन मॅकार्थर.

त्याच वर्षाअखेरीस गव्हर्नर फिलिप मायदेशी गेला आणि पलटणीचा प्रमुख ग्रोस याच्या हाती कारभार आला. त्याने अधिकाऱ्यांना जमिनी वाटल्या आणि राबायला कैदी दिले. कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च सरकारचा. फेब्रुवारी १७९३ मध्ये मॅकार्थरला पॅरामाटाजवळ १०० एकर मिळाले. त्याने जागेला बायकोचं नाव दिलं. सगळ्यांच्या आधी ५० एकर झाडोरा साफ करून लागवडीला आणला म्हणून आणखी १०० एकर मिळाले.

इनाम मिळालेली ही जमीन मोकळी नव्हती. ती बुरामाटागल लोकांची होती. पॅरामाटा हे नावच त्यांच्यावरून पडलेलं, आणि नदीतले ईल मासे हा त्यांच्या जगण्याचा आधार. ग्रोसने दिलेल्या कागदावर त्यांचा उल्लेख नाही आणि त्यांना मोबदलाही मिळाला नाही. आपल्याकडे इनाम जमिनीवर आधीची कुळं असत आणि त्यांची नोंद तरी कुठेतरी असे. इथे कुळाची नोंदसुद्धा ठेवली गेली नाही. बिजिगल लोकांचा पेमुलवुय बारा वर्षं इंग्रजांशी लढला. १७९७ मध्ये तो पॅरामाटावर चालून आला, १८०२ मध्ये मारला गेला, आणि गव्हर्नर किंगने त्याचं शीर इंग्लंडला पाठवलं. त्याचा मुलगा तेजबोरो मात्र मॅकार्थरच्या घरी येत-जात असे. पुढे मॅकार्थर अडचणीत आला तेव्हा तो भाला घेऊन हजर झाला आणि गव्हर्नरला मारायची तयारी दाखवली, असं सांगितलं जातं. पेमुलवुयच्या मुलाचं असं पाठीशी उभं राहणं कोणत्या भावनेतून आलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

मेंढ्यांचं गोत्र

लोकरीचं गणित साधं होतं. सिडनीहून लंडनला जहाज जायला अनेक महिने लागत. धान्य किंवा मांस तेवढ्या अंतरावर पाठवणं परवडत नव्हतं. लोकर वाटेत नासत नाही, जागेच्या मानाने तिची किंमत जास्त येते, आणि मेंढ्या राखायला माणसं थोडी लागतात.

मॅकार्थरच्या कळपात आधी कलकत्त्याहून आणलेल्या साठेक बंगाली मेंढ्या होत्या. त्यांच्या अंगावर लोकरीपेक्षा राठ केस जास्त. त्यांचा आयर्लंडच्या मेंढ्यांशी संकर केल्यावर पिल्लांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून येऊ लागली. मग १७९७ साली वॉटरहाउस आणि केंट या नौदलाच्या कप्तानांनी केप ऑफ गुड होपहून स्पॅनिश मेरिनो आणल्या. त्या कुणाच्या? केपवरच्या डच फौजेचा कर्नल गॉर्डन याच्या कळपातल्या. केप इंग्रजांच्या हाती पडल्यावर गॉर्डनने १७९५ मध्ये आत्महत्या केली होती आणि त्याच्या विधवेने मेंढ्या विकल्या. वॉटरहाउसने त्या वसाहतीत बऱ्याच जणांना दिल्या. मॅकार्थर त्यांतला एक. तो एकटाच दूरदृष्टीचा होता, ही नंतर रुजलेली गोष्ट आहे. फरक इतकाच की त्याने त्यांचा संकर काळजीपूर्वक सांभाळला, आणि लंडनमध्ये त्याच्या बाजूने बोलणारी माणसं उभी राहिली.

ती कशी, हा या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

१८०१ मध्ये मॅकार्थरचं गव्हर्नर किंगशी बिनसलं. त्याने सगळ्या अधिकाऱ्यांना किंगवर बहिष्कार टाकायला सांगितलं. पलटणीचा प्रमुख कर्नल पॅटरसन तयार होईना, तेव्हा मॅकार्थरने पॅटरसनच्या बायकोने एलिझाबेथला लिहिलेलं खासगी पत्र चव्हाट्यावर आणलं. सप्टेंबरमध्ये दोघांचं पिस्तुलाने द्वंद्व झालं आणि पॅटरसनच्या खांद्यात गोळी घुसली. किंगने मॅकार्थरला अटक करून खटल्यासाठी इंग्लंडला रवाना केलं. सोबत वरिष्ठांना कळवलं की हा माणूस परत यायचा असेल तर गव्हर्नर म्हणूनच येऊ द्या, कारण अर्धी वसाहत त्याचीच आहे आणि उरलेली व्हायला वेळ लागणार नाही.

वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली आणि ते अंबॉन बेटाला लागलं. आज इंडोनेशियात असलेलं हे बेट तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं. तिथला रेसिडेंट रॉबर्ट फार्कर हा पंचविशीतला तरुण एका भांडणात सापडला होता. मॅकार्थरने त्याला सल्ला दिला आणि त्याची बाजू सावरली. या रॉबर्टचे वडील सर वॉल्टर फार्कर म्हणजे युवराजांचे वैद्य, लंडनच्या बड्या घरांतून ज्यांची ऊठबस. मुलाचं कृतज्ञतेचं पत्र घेऊन मॅकार्थर लंडनला उतरला आणि जो दरवाजा दुकानदाराच्या मुलाला एरवी उघडला नसता तो उघडला.

खटला बाजूला पडला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना स्पॅनिश लोकर मिळायची भ्रांत होती आणि मॅकार्थरकडे नमुने तयार होते. ऑगस्ट १८०४ मध्ये क्यू इथल्या राजाच्या खासगी कळपाच्या लिलावात त्याने मेरिनो मेंढ्या घेतल्या. वसाहतमंत्री लॉर्ड कॅम्डेनने ५,००० एकर द्यायचा हुकूम काढला आणि प्रयोग यशस्वी झाल्यास आणखी ५,००० चं आश्वासन दिलं. मॅकार्थर सैन्यातून बाहेर पडला आणि १८०५ मध्ये ‘आर्गो’ जहाजाने सिडनीला परतला. काऊपास्चर्स नावाच्या उत्तम कुरणात त्याने जमीन निवडली आणि मंत्र्याच्या नावावरून तिचं नाव कॅम्डेन ठेवलं.

त्या जहाजावर आणखी दोघे होते. एक वॉल्टर डेव्हिडसन, फार्करांच्या नात्यातला मुलगा. त्यालाही मॅकार्थरच्या शेजारी २,००० एकर मिळाले. दुसरा हॅनिबल मॅकार्थर, जॉनच्या भावाचा मुलगा, वय सतरा.

काका घरी नसताना

सन १८०८, २६ जानेवारी. वसाहतीच्या स्थापनेला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती. गव्हर्नर होता ब्लाय, ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडामुळे आधीच गाजलेला. त्याने दारूच्या अदलाबदलीला आळा घालायचं ठरवलं आणि मॅकार्थरवर खटला भरला. न्यायालय म्हणजे पलटणीचे सहा अधिकारी आणि एक न्यायाधीश ॲटकिन्स. मॅकार्थरने पहिल्याच झटक्याला सांगितलं की न्यायाधीश माझा कर्जदार आहे, तो माझा न्याय कसा करणार? सहाही अधिकारी त्याच्या बाजूने वळले. मेजर जॉन्स्टनने पलटण घेऊन गव्हर्नरच्या बंगल्यावर चाल केली आणि ब्लायला कैद केलं. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात लष्कराने सरकार उलथवल्याचा हा एकमेव प्रसंग. पुढे त्याला ‘रम बंड’ हे नाव पडलं.

जॉन्स्टनला इंग्लंडमध्ये लष्करी न्यायालयाने १८११ साली बडतर्फ केलं. मॅकार्थर १८०९ मध्ये जेम्स आणि विल्यम या धाकट्या मुलांना घेऊन इंग्लंडला गेला होता. तिथे त्याच्यावर खटला चालत नव्हता, कारण तो आता सैनिक नव्हता. पण नव्या गव्हर्नरला हुकूम होता की हा सिडनीत पाऊल ठेवील तेव्हा इथल्या न्यायालयात उभा करा. त्यामुळे तो १८१७ पर्यंत अडकून पडला.

ही आठ वर्षं, आणि त्याआधीची चार, एलिझाबेथने सगळा कारभार बघितला. कळपांची निवड, लोकर कातरणं, ती धुऊन गाठोडी बांधणं, जहाज बघून लंडनला पाठवणं, कैदी मजुरांचे हिशेब, घरी मुली. दूरवरच्या कॅम्डेनला ती स्वतः जात असे. तेव्हाचा तो रस्ता आणि वाटेतला धोका लक्षात घेतला की त्या खेपांची किंमत कळते. हॅनिबल काही काळाने मदतीला आला. नवरा लंडनहून लांबलचक पत्रांनी सूचना पाठवी, पण पत्र पोचेपर्यंत मेंढ्यांचा हंगाम बदललेला असे. १८२२ साली लंडनच्या कलासंस्थेने लोकरीसाठी मॅकार्थरला दोन सुवर्णपदकं दिली. ती ज्या कळपांमुळे मिळाली ते तिने टिकवले होते, आणि नोटेवर छापायला तिचंही चित्र शोभलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिच्या कामाची दखल त्या काळी घेणारा एक जण म्हणजे गव्हर्नर मॅक्वारी. शेतीसुधारणेबद्दल त्याने तिला ६०० एकर दिले. हा मॅक्वारी आपल्या मुंबईत राहिलेला माणूस. ७७ व्या पलटणीतून आलेला, १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी लग्न केलेला, आणि ती क्षयाने मकाऊला वारली तेव्हा तिचा देह परत आणून मुंबईत पुरलेला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईतही तो होता. त्याच मॅक्वारीच्या हुकमाने एप्रिल १८१६ मध्ये सैनिकांनी ॲपिन इथे धारावल लोकांच्या छावणीवर रात्री हल्ला केला. किमान चौदा माणसं मेली, काही कड्यावरून खाली पडून. कॅम्डेनची कुरणं धारावलांच्याच मुलखात होती.

कोण कुणाचा कोण

आता सोयरिकी. इथे थोडं सावकाश वाचा.

ज्या गव्हर्नर किंगने मॅकार्थरला अटक करून पाठवलं, त्याचीच मुलगी ॲना मारिया १८१२ मध्ये मॅकार्थरच्या घरात सून म्हणून आली. तिने हॅनिबलशी लग्न केलं. किंग तोवर वारला होता. त्याची विधवा ॲना जोसेफा १८३२ मध्ये ऑस्ट्रेलियाला परतली, पॅरामाटात लेक-जावयाकडे राहिली आणि १८४४ मध्ये तिथेच वारली. नवऱ्याच्या हाडवैऱ्याच्या पुतण्याच्या घरी. पुढच्या पिढीत हॅनिबलच्या मुलीने किंगच्या नातवाशी लग्न केलं, म्हणजे मामे-आते भावंडांची जोडी. हा नातू आणि हॅनिबलचा दुसरा जावई विकम, दोघंही डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावरचे.

आणि तो वॉल्टर डेव्हिडसन? तो चीनमध्ये अफूच्या व्यापारात गेला, पण ऑस्ट्रेलियातली जमीन सोडली नाही. ती बघायला त्याच्या बहिणीचा मुलगा पॅट्रिक लेस्ली आला. कॅम्डेनला राहून मेंढपाळीचे धडे घेतले, हॅनिबलच्या मुलीशी लग्न केलं आणि १८४० मध्ये उत्तरेच्या डार्लिंग डाउन्सच्या पठारावर पहिले कळप नेले. त्याचा भाऊ जॉर्जही हॅनिबलचाच जावई झाला. अंबॉनला एका तरुणाला दिलेला सल्ला चाळीस वर्षांनी क्वीन्सलँडच्या कुरणांपर्यंत असा पोचला.

घरातल्या मुलांची वाटणीही विचारपूर्वक झालेली दिसते. थोरला एडवर्ड सैन्यात, पुढे जनरल आणि सर. बापाच्याच नावाचा जॉन लंडनमध्ये वकील, मंत्र्यांच्या कचेऱ्यांत घरचं काम बघणारा. जेम्स आणि विल्यम शेतावर. मेरीला सरकारी मुख्य डॉक्टर बोमन दिला. १८२४ मध्ये लंडनच्या जॉनच्या खटपटीने ‘ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनी’ उभी राहिली, भांडवल दहा लाख पौंड, जमीन दहा लाख एकर. सिडनीत तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीत जेम्स, डॉक्टर बोमन आणि हॅनिबल. मुलगा, जावई, पुतण्या. कंपनीला म्हाताऱ्या मेंढ्या चढ्या भावाने घरच्यांनीच विकल्या, अशी तक्रार झाली यात नवल नाही. तिथल्या व्यवस्थापकाला याच समितीने १८२८ मध्ये काढलं.

न जमलेली लग्नंही तितकीच बोलकी आहेत. थोरली लेक एलिझाबेथ हिचं सर्व्हेअर जनरल ऑक्सलीशी ठरलं होतं. त्याचं कर्ज कळल्यावर बापाने मोडलं. मग विल्यम वेंटवर्थने तिचा हात मागायचं मनात धरलं. डार्सी आणि कॅथरीनचा तो मुलगा. पण कैदी बाईच्या मुलाची मॅकार्थरांशी सोयरीक! त्यातच पैशाच्या देण्याघेण्यावरून वाजलं आणि सगळं फिसकटलं. वेंटवर्थ पुढे वकील झाला, वर्तमानपत्र काढलं आणि शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्यांच्या हक्कांसाठी मॅकार्थरांसारख्या ‘निवडक’ घराण्यांशी वर्षानुवर्षं भांडला. ‘नेपच्यून’वरची ती पातळ फळी दोन घराण्यांत तशीच उभी राहिली. एलिझाबेथ लेक अविवाहित राहिली आणि १८४२ मध्ये वारली.

मॅकार्थरचं मन शेवटी फिरलं. ते त्याआधीही अधूनमधून खचत असे. आता त्याने बायकोवर व्यभिचाराचा आळ घेतला, मुलींना घराबाहेर काढलं. १८३२ मध्ये त्याला वेडा ठरवून विधान परिषदेतून कमी करण्यात आलं. ११ एप्रिल १८३४ रोजी तो कॅम्डेनला वारला. तिथला मोठा बंगला पुरा व्हायला अजून वर्ष होतं.

त्या बंगल्याचा वारसा पुढे जेम्सच्या एकुलत्या एका मुलीकडे, तिसऱ्या एलिझाबेथकडे आला. १८६७ मध्ये तिने नौदलाच्या कप्तान आर्थर ऑन्स्लोशी लग्न केलं. तो जन्मला तिरुचिरापल्लीला, कंपनीच्या मद्रास नोकरीतल्या अधिकाऱ्याच्या घरी. त्याच्या आईचे वडील सिडनीत वसाहतीचे सचिव. वडिलांकडून हिंदुस्थान, आईकडून ऑस्ट्रेलिया. १८९२ मध्ये तिने आडनाव मॅकार्थर-ऑन्स्लो असं जोडून घेतलं. बंगला अजून त्याच घराण्याकडे आहे.

पहिली एलिझाबेथ नवऱ्यामागे सोळा वर्षं जगली. धाकटी लेक एमेलिन आणि जावई हेन्री पार्कर यांच्याकडे, वॉटसन्स बेला समुद्रकाठी, ९ फेब्रुवारी १८५० रोजी ती गेली. तेव्हा ती ८३ वर्षांची होती. हा जावई पुढे न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर झाला, ते तिला बघायला मिळालं नाही. नवरा दोनदा इंग्लंडला जाऊन आला, मुलं शिकायला गेली, पुतण्या लग्न करून परतला. ती मात्र १७९० मध्ये उतरली ती ब्रिजरूलला, ब्रिजेटच्या गावाला, परत कधीच गेली नाही. कॅम्डेनच्या टेकडीवर, धारावलांच्या मुलखात, तिला पुरलं.